धोंड्याच्या महिन्यातली चौकशी

तेहतीसच्या तेहतीस अनारसे तळून झाले होते. चांदीचा दिवा चिंचेनं घासून झाला होता. पुरणाचे धोंडे वाफेवर होते, पाय धुवायची परात दारामागं पुसून ठेवली होती. फक्त जावई आला नव्हता.

रंगूबाई सकाळपासून तिसऱ्यांदा ओसरीवर येऊन रस्ता पाहून गेली. अधिक महिना तीन वर्षांनी येतो. मागच्या अधिकात तिच्या नवऱ्याच्या, जगदेवरावांच्या, हृदयाचं ऑपरेशन निघालं आणि जावयाचं वाण राहून गेलं. ती रुखरुख तिनं तीन वर्षं बाळगली होती. जावयाचं रिसोड ते इथलं केनवड असं किती लांब? शिवदास तर रोज तेवढं अंतर मोटरसायकलनं येऊन घरच्याच डाळ मिलमध्ये सुपरवायझरकी करत होता.

साडेदहाला लेक निकिता ऑटोतून उतरली. एकटीच.

"जवाईबापू कुठी राह्यले?"

"येत नाही म्हनते."

"काहून वो? तब्येत बराबर नाई का?"

निकितानं चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या भावजयीकडं पाहिलं. "वहिनीले इचार. तिच्याच कारभारातून आलं हे."

वैष्णवीच्या हाताला पुरण लागलं होतं. ती म्हणाली, "निकिता, मिलचं मले घरात बोलता येत नाही."

"तू नको बोलू. मी बोलतो." निकिताचा आवाज चढला. "आई, कोन्या बाईनं त्याईच्यावर तक्रार केली. छेडछाडीची. शुक्रवारी त्याईच्या हातात कागद देला. आता लतीफाबाई अन् अजून तिघं जन बसून माह्या नवऱ्याची चौकशी करनार हायेत. अन् आपन इथं त्याईचे पाय धुवाले परात घासून राह्यलो."

रंगूबाई पाटावर बसली ती बसूनच राहिली.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका मोठ्या खरेदीदाराची माणसं मिल पाहायला आली होती. त्यांनी कागदपत्रांची यादी दिली, त्यात महिलांच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती होती. हरीओम, जगदेवरावांचा एकुलता एक मुलगा, बायकोला म्हणाला होता, "चार नावं लिहून फाईलीत लाव, कोन पाह्यते?" पण वैष्णवीनं कायदा वाचला. दहा किंवा जास्त माणसं कामावर असली की समिती करावीच लागते. अध्यक्ष कामावरचीच वरिष्ठ बाई लागते. निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत. एक सदस्य बाहेरचा हवा. तिनं तसं लेखी पत्र काढलं. डाळ निवडणाऱ्या विभागाची मुकादम लतीफा अध्यक्ष झाली. पॅकिंगमधली हिरीबाई, वजनकाट्यावरचे रामराव आणि वाशिमच्या महिला संस्थेच्या एक वकीलबाई सदस्य झाल्या. पाण्याच्या टाकीजवळ चौघांच्या नावांचा आणि फोन नंबरांचा बोर्ड लागला. त्या बोर्डाला हरीओम हसला होता. चौदा माणसांच्या डाळ मिलमध्ये हे असलं!

आतल्या खोलीत जगदेवरावांनी सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन त्यांनी जावयाला फोन लावला.

"जवाईबापू, तुमची सासू वाट पाहून राह्यली."

"मामाजी, जेथं माह्यावर केस चालू हाये तेथं मी पाटावर बसू?" शिवदासचा आवाज घरभर ऐकू आला. "आधी थो कागद फाडा. मंग येतो."

"तुमी निंगा. मी पाह्यतो काय करायचं थे."

फोन ठेवून ते मुलाला म्हणाले, "हरीओम, गाडी काढ. लतीफाले घेऊन ये."

"मामाजी, आज सुटी हाये तिची," वैष्णवी म्हणाली.

"मी बोलावलं म्हनून सांग."

*

लतीफा चोवीस वर्षांपूर्वी मिलमध्ये आली तेव्हा डाळ हातानं निवडत होते. पुढं रंग ओळखून खडा उडवणारं मशीन आलं. त्या मशीनला सगळ्या बाया भ्यायल्या. लतीफा भ्यायली नाही. तिनं महिन्याभरात त्याचा आवाज ओळखायला सुरुवात केली. बेअरिंग जायच्या दोन दिवस आधी ती सांगायची, आणि तसंच व्हायचं. तूर दाताखाली धरून ओल किती हे ओळखायला हरीओमला शिकवलं ते तिनंच. जगदेवराव मिलच्या चाव्या घरी विसरले तर दुसरा जुडगा तिच्याकडं असायचा. म्हणूनच जगदेवरावांची खात्री होती, लतीफा आपला शब्द खाली पडू देणार नाही.

ती आली ती नेहमीसारखी ओसरीच्या कडेला टेकली नाही. हरीओमनं खुर्ची पुढं केली, आणि ती खुर्चीवर बसली. जगदेवरावांच्या ते लक्षात आलं.

"लतीफा, तुले माहीत हाये मी कायले बोलावलं."

"अंदाजा हाये, भाऊ."

"कोन हाये थे पोरगी?"

"नाव नाई सांगता येत."

"मी मालक हावो."

"हो ना. चौकशी झाली का अहवाल तुमच्याच हातात येईन. तवा सगळं वाचा. आज नाई."

जगदेवरावांनी स्वतःला आवरलं. "हे पाय, आपलं घरचं हाये. माही लेक त्या घरात नांदून राह्यली. तू तिले अंगाखांद्यावर खेळवलं. बसून मिटवून टाक. त्या पोरीले काय समजवायचं थे समजव. समझोता करून टाक."

लतीफा म्हणाली, "भाऊ, समझोता होते. कायद्यात तशी सोय हाये. पन थो मागायचा हक फक्त तिचा. तुमचा नाई, माहा बी नाई. अन् तिनं मागतला नाई."

हरीओम भिंतीला टेकून उभा होता. दोन्हीकडून आपणच दाबले जातोय असं त्याला वाटत होतं. तो म्हणाला, "बाबा, एक रस्ता हाये. हजेरीवर आपन नऊच मानसं दाखवू. पाच जन रोजंदारीचे. नऊवर समिती लागत नाई. समितीच नाई, तर चौकशी कोन करंन?"

"रोजंदारीचे बी मोजते," वैष्णवी स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली. पदरानं हात पुसत ती सासऱ्यांसमोर उभी राहिली; एरवी ती असं कधी उभी राहत नसे. "अन् खरंच नऊ असते, तरी तक्रार मरत नाई, मामाजी. थे वाशिमले जाते, जिल्ह्याच्या समितीकडं. जेथं लहान धंद्यातल्या बायाईले कोनी नसते, त्याईच्यासाठीच थे समिती हाये. चौदाचे नऊ करून आपन फक्त खोटारडे होऊ."

"तू नवऱ्याच्या बाजूनं बोल ना जराशी," निकिता म्हणाली.

"त्याईच्याच बाजूनं बोलून राह्यली. उद्या हजेरीच्या कागदावर सही त्याईची राहीन."

हरीओमनं मान खाली घातली.

जगदेवरावांनी शेवटचं शस्त्र काढलं. ते काढताना त्यांनाच बरं वाटलं नाही. "अन् मी तुले त्या समितीवरून काढलं तर, लतीफा?"

लतीफानं ओढणी सारखी केली.

"काढा. कायले काढलं थे कागदावर लिहून द्या. पन तक्रार तशीच राहीन, भाऊ. मी गेली तर दुसरी बसंन. तुमी मले चोवीस वर्षं इमानदारीचं काम देलं. म्हनून तर थे पोरगी माह्याकडं आली. मले वाटलं तुमाले याचा अभिमान वाटंन."

तेवढ्यात फाटकात मोटरसायकल थांबली. शिवदास नवा शर्ट घालून आला होता. सासऱ्यानं कागद फाडला असणार, याच भरवशावर. लतीफाला खुर्चीत पाहून तो पायरीवरच थबकला.

"हे काय? कोर्ट घरीच भरलं का?"

"शिवदासभाऊ, मी निंगतोच हावो," लतीफा उठली. "तुमचं उत्तर तुमाले लिहून द्यायचं हाये. दहा दिवस हायेत, कामाचे. जे खरं हाये थे लिहा. आमी ऐकून घेऊ."

"काय ऐकून घेतं तू माहं? थे कोन मोठी लागून गेली? सांगतो मी सगळ्याईले कोन हाये थे. थे आपली—"

"नाव नका घेऊ."

निकिता बोलली होती. इतक्या हळू, की आधी कुणाला कळलंच नाही.

"काय म्हनली?"

"नाव नका घेऊ. कागदावर लिहून हाये, नाव कोनाले सांगायचं नाई म्हनून. तुमच्या खिशातला कागद मीनं वाचला."

"तू माह्या बाजूनं हायेस का तिच्या?"

"मीनं बाजू नाई घेतली. नाव नका घेऊ एवढंच म्हनलं."

शिवदासनं सासूकडं पाहिलं. या घरात त्याची हक्काची वकील तीच होती. रंगूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. पण ती जावयाशी बोलली नाही, नवऱ्याशी बोलली.

"तुमच्या मायनं मालेगावच्या शेठकडचं काम कायले सोडलं होतं, माहीत हाये तुमाले?"

जगदेवराव चमकले. "आता थे मधातच कायले? मापावरून भांडन झालं होतं. दळनाच्या मापावरून. अन् मंग तिनं सोताचं जातं मांडलं. साऱ्या गावाले माहीत हाये."

"साऱ्या गावाले तेच सांगतलं तुमच्या मायनं. मापावरून नाई सोडलं. मुनीम तिले कोठीत बोलवे. रोज काही ना काही निमित्त काढे. एक दिवस तिनं मापाची पायली त्याच्या तोंडावर मारली अन् निंगून आली. माह्या पह्यल्या बाळंतपनात तिनं मले सांगतलं, माह्याशिवाय कोनाले नाई. म्हने, रंगू, सांगाले कोनी असतं तर मी काम सोडलं नसतं. पोटात लेकरू होतं तिच्या, अन् हातचं काम गेलं." रंगूबाईनं डोळे पुसले नाहीत. "थे लेकरू तुमी होते. अन् आज सांगाले कोनी हाये, तर तुमी तिलेच काढाले निंगाले."

जगदेवराव खाली बसले. त्यांची आई साठ वर्षांपूर्वी एका जात्यावर सुरू झाली आणि त्या जात्याची मिल झाली, ही गोष्ट त्यांनी किती समारंभांत सांगितली होती! मापाच्या भांडणासकट. प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या होत्या.

"जवाईबापू," रंगूबाई म्हणाली, "जेवन तयार हाये. जेवून जा. उपाशी नका जाऊ. पाय मातर मी आज नाई धुवत. चौकशी होऊ द्या. तक्रार खोटी निंगाली तर रिसोडले येऊन धुवीन, साऱ्या गल्लीसमोर."

शिवदास जेवला नाही. त्यानं गाडीला किक मारली. निकिता क्षणभर ओसरीवर उभी राहिली, मग चपला घालून त्याच्या मागं जाऊन बसली.

*

शिवदासच्या उत्तरात काय होतं ते निकिताला त्यानंच सांगितलं, कारण त्यात तिचं नाव होतं.

तक्रारीत तीन प्रसंग होते. पहिल्या दोनांना त्यानं "गैरसमज" लिहिलं होतं. तिसरा एप्रिलच्या एका मंगळवारचा. संध्याकाळी पाळी सुटल्यावर पोत्यांच्या गोदामात बोलावून घेतल्याचा आणि दार लोटल्याचा. त्या मंगळवारी आपण तापानं घरी होतो, दुपारीच निघून आलो होतो, बायको साक्षीदार आहे, असं त्यानं लिहिलं.

"एवढंच म्हनायचं. ताप होता, घरी होते. दोन शब्द," तो चहा पिताना म्हणाला. "आपल्या पोरीसाठी म्हन."

पोरीसाठी. निकिताला तो मंगळवार कधीच विसरता आला नसता, तो पोरीमुळंच.

समिती वजनकाट्याच्या वरच्या खोलीत बसायची. खोलीत एक कूलर, एक टेबल, पाच खुर्च्या. निकिता जिना चढली तेव्हा खाली मशीन चालू होतं आणि बाया आपापल्या जागी होत्या. कुणीही मान वर करून तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांना माहीत नव्हतं की मुद्दाम पाहत नव्हत्या, हे तिला कळलं नाही. तिनं मनात त्यांचे आभार मानले.

लतीफा मधल्या खुर्चीत होती. लहानपणी मिलच्या आवारात निकिता पडली की लतीफा धावत यायची, "क्या हुआ मेरी बेटी को" म्हणत कडेवर घ्यायची. आज ती उभी राहिली नाही.

"बसा, निकिताताई. पानी घ्या. तुमाले इथं शिवदासभाऊंनी साक्षीदार म्हनून बोलावलं. जे माहीत हाये तेवढंच सांगा. माहीत नसंन तर माहीत नाई म्हना. तुमाले कोनी दबाव देला का?"

तुमी! निकिताला आधी राग आला. मग लक्षात आलं, ही बाई आपल्याला आधार देत नाहीये, कारण आधार दिला तर आपल्या शब्दाची किंमत जाईल. त्या मधल्या खुर्चीत बसून लतीफा किती एकटी आहे, ते तिला एकदम दिसलं. मालकाच्या घरचं मीठ चोवीस वर्षं खाल्लेली, मालकाच्या लेकीला विचारणारी. ती डळमळत नव्हती.

"दबाव नाई," निकिता म्हणाली.

"त्या मंगळवारी शिवदासभाऊ किती वाजता घरी आले?"

खाली मशीनचा आवाज एकसारखा चालू होता. रामरावांनी पेन हातात धरून ठेवलं होतं.

"साडेआठले."

"रात्री?"

"हो. त्या दिवशी माह्या पोरीचा वाढदिवस होता. आठ वर्षांची झाली थे. सहा वाजता केक घेऊन येतो म्हनले. गल्लीतले लेकरं येऊन बसले होते. सात वाजता मीनं फोन लावला, उचलला नाई. लेकरं खाऊन-पिऊन घरी गेले. साडेआठले आले थे, केक घेऊन. पोरगी झोपली होती."

"ताप होता का त्याईले?"

"नव्हता."

वाशिमच्या वकीलबाईंनी विचारलं, "उशीर का झाला, काही सांगितलं त्यांनी?"

"गोदामात माल मोजत होतो म्हनले."

हिरीबाईनं तोंडावर पदर धरला. रामराव लिहीत राहिले. मग त्यांनी लिहिलेलं सगळं हळूहळू वाचून दाखवलं, एकही शब्द इकडचा तिकडं न करता, आणि कागद तिच्यापुढं केला. निकितानं सही केली. लतीफानं कागद फाईलीत लावला.

"तुमी जाऊ शकता, निकिताताई," ती म्हणाली. "हे बाहेर बोलू नका. आमी बी बोलनार नाई."

निकिता जिना उतरली. रिसोडला पोचून तिनं नवऱ्याला स्वतः सांगितलं, "मीनं खरं सांगतलं." तो ओरडला, ताट भिरकावलं, मग बाहेर निघून गेला. ती ताट उचलून, फरशी पुसून पोरीचा अभ्यास घ्यायला बसली.

*

अहवाल जुलैमध्ये आला. आठ पानं. तिन्ही प्रसंग सिद्ध झाले होते. पाळीतून काढून टाकीन अशी भीती घालून तो तिला बोलवत होता, हेही. शिफारस दोन ओळींची होती: लेखी माफी, आणि कामावरून कमी करावं.

जगदेवरावांनी तो चार वेळा वाचला. कायद्यानं त्यांना साठ दिवस होते. तीन दिवस ते मिलमध्ये गेलेच नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी हरीओम त्यांच्याजवळ येऊन बसला. "बाबा, सही तुमालेच करा लागते. मिल तुमच्या नावावर हाये."

"तुह्या बहिनीचं घर हाये थे."

"हो," हरीओम म्हणाला. "बाबा, मीनं पाह्यलं होतं. दोनदा. थो पोरीले गोदामाकडं बोलवतांनी. मले वाटलं, कामाचं असंन. म्हनजे मीनं तसं वाटून घेतलं. जवाई हाये, कोन बोलंन? अन् मंग मीच म्हनलं, चौदाचे नऊ करू. वैष्णवीनं थो बोर्ड लावला नसता, तर थे पोरगी बी पायली फेकून निंगून गेली असती. अन् आपल्याले कवाच समजलं नसतं."

जगदेवरावांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. मग निकिताला फोन लावला.

"बाई, सही करू का?"

"मले कायले इचारता, बाबा? मालक तुमी हाये."

"तुह्या संसाराचं—"

"माह्या संसाराचं मी पाहीन. थे तुमच्या सहीत नका मिसळू. मीनं माहं काम केलं. लतीफाबाईनं तिचं केलं. आता तुमचं राह्यलं."

त्यांनी सही केली. चष्मा लावून, पूर्ण नाव लिहून, तारीख टाकून. वैष्णवीनं आदेशाच्या प्रती काढल्या आणि एक प्रत समितीच्या फाईलला लावली. त्या वेळी सासरे तिला म्हणाले, "सूनबाई, तू दोन वर्षांपूर्वी हे सारं वाचत बसली होती, तवा मी म्हनलं होतं, हिले काही काम नाई वाटते." वैष्णवी हसली. "म्हनलं होतं, मामाजी. मले ऐकू आलं होतं."

शिवदासनं माफीचा कागद महिन्यानं दिला. मेहकरला एका खताच्या दुकानात त्याला काम लागलं. निकिता रिसोडलाच राहिली. "चाल, माहेरी येऊन राय," म्हणून रंगूबाई न्यायला गेली, तर ती म्हणाली, "मीनं काय चुकीचं केलं म्हनून घर सोडू? ज्याईले जायचं थे जाईन." पहिले काही दिवस गल्लीतल्या बाया तिच्याशी बोलल्या नाहीत. एकजण मात्र घरात येऊन बराच वेळ नुसती बसून राहिली, आणि जाताना तिचा हात दाबून गेली.

आणि तक्रार करणारी ती पोरगी कामावरच राहिली. तिचं नाव या घरात आजवर कुणी घेतलेलं नाही.

*

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी दुपारी एक तास मशीन बंद ठेवलं होतं. वर्षातून एकदा कामगारांना या कायद्याची माहिती द्यावी लागते. मागच्या वर्षी ती पंधरा मिनिटांत उरकली होती. या वेळी वकीलबाई वाशिमहून आल्या होत्या. बाया रिकाम्या पोत्यांवर बसल्या. हमालही बसले. जगदेवराव कधी आले आणि सगळ्यांच्या मागं एका पोत्यावर कधी बसले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

वकीलबाईंनी सोपं करून सांगितलं. काय झालं तर तक्रार करायची, किती दिवसांत, कुणाकडं. लिहिता येत नसेल तर समिती लिहून घेईल. नाव गुप्त राहील. मग त्या म्हणाल्या, "हे सगळं नीट होतंय की नाही, याची जबाबदारी मालकावर असते. मालक कोण आहेत इथं?"

बायांच्या माना हरीओमकडं वळल्या. पण मागून जगदेवराव गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले.

"मी हावो, बाई."

सगळ्या वळल्या. साठीतले मालक पोत्यावरून उठलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"दोन शब्द बोलतो," ते म्हणाले. "तुमाले कोनी तरास देला, थो कोनीबी असो, तर लतीफाबाईकडं जा. या बोर्डावर चार नावं हायेत, त्याच्यातल्या कोनाकडंबी जा. माह्याकडं येऊ नका."

बायांमध्ये कुजबुज झाली. वकीलबाई काही बोलणार होत्या, पण थांबल्या.

"मी मालक हावो, पन मी बाप बी हावो, सासरा बी हावो. माह्यानं निवाडा बराबर होईनच असं नाई. मीनं करून पाह्यला, नाई झाला." त्यांनी भिंतीजवळ उभ्या असलेल्या लतीफाकडं पाहिलं आणि सगळ्यांदेखत हात जोडले. "त्याईच्यानं होते."